डिझेल पंपाची नाडीपरीक्षा

ट्रॅक्टर चालतो शेतात आणि आपण राहतो शहरात. तेव्हा त्याच्या इंधन-पंपाची चिकित्सा या व्यासपीठावर कशाला, अशी शंका कोणाच्या मनात आल्यास नवल नाही. परंतु आपल्यापैकी पुष्कळांचे घर गावाकडे आहे, तेथे भाऊ किंवा चुलते शेती पाहतात, आणि मृगाचा पाऊस पडून वाफसा आला असता ट्रॅक्टर बंद पडला, की फोन येतो तो आपल्यालाच. त्या वेळी काय करावे, आणि विशेषतः काय करू नये, एवढेच आज सांगण्याचा आमचा विचार आहे.

आमच्या घरचाच एक प्रसंग सांगतो. चुलत्यांचा ट्रॅक्टर अर्धा तास चाले, मग धापा टाकीत बंद पडे. थोडा वेळ तसाच ठेवला, की पुन्हा सुरू होई. मिस्त्री आला, त्याने ‘पंप गेला’ असे निदान केले. पंप उतरला, तालुक्याला गेला, तेथे उघडला गेला. चार दिवसांनी बिलासह परत आला, आणि ट्रॅक्टर पुन्हा अर्ध्या तासाने बंद पडला! शेवटी शेजारच्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने टाकीचे टोपण फिरवले, तोच ‘फुस्स’ करून हवा आत शिरली. टोपणाला हवा येण्यासाठी असलेले बारीक भोक चिखलाने बुजले होते. डिझेल खर्ची पडे तसतसा टाकीतील हवेचा दाब घटत जाई आणि इंधन पुढे येईनासे होई. काडीने भोक मोकळे केले, काम झाले. पण वाफसा गेला तो गेलाच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार.

असे का होते हे समजण्यास पंपाचे कार्य समजले पाहिजे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरातील हवा दाबून तिचे आकारमान सोळाव्या ते विसाव्या हिश्शावर आणतात. त्यामुळे ती ५०० अंश सेल्सियसच्या वर तापते, आणि तीत डिझेलचा फवारा सोडताच तो आपोआप पेट घेतो. १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्ग येथे रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन यशस्वी झाले तेव्हा हा फवारा दाबलेल्या हवेने मारीत. त्यासाठी अवजड कॉम्प्रेसर लागे. १९२७ साली स्टुटगार्टच्या बॉश कारखान्याने खुद्द इंधनच दाबणारा पंप मोठ्या प्रमाणावर बनवण्यास आरंभ केला, आणि डिझेल इंजिनाला मोटारीवर व शेतात जाण्याची वाट मोकळी झाली. आपल्या देशात १९५१ साली स्थापन झालेल्या बंगळूरच्या मायको कंपनीने पुढे असे पंप बनवले.

या पंपाचे काम किती नाजूक आहे पाहा. समजा, तीन सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेत आहे आणि तासाला ८ लिटर डिझेल खात आहे. दर दोन फेऱ्यांस एक, याप्रमाणे प्रत्येक सिलिंडरात मिनिटाला ९०० फवारे पडतात. हिशेब केला तर एका फवाऱ्याचा वाटा पाण्याच्या एका लहानशा थेंबाएवढा येतो. हा थेंब वातावरणाच्या सुमारे २०० पट दाबाने, नेमक्या क्षणी, प्रत्येक सिलिंडराला सारखाच वाटायचा. हे करणारा दांडा म्हणजे प्लंजर आणि त्याची नळी म्हणजे बॅरल. या जोडीला एलिमेंट म्हणतात. दोहोंमधील फट मिलिमीटरच्या दोन-तीन सहस्रांशांइतकीच असते. आपला केस तिच्याहून वीसपंचवीस पट जाड! तेथे रबराची सील नाही, आणि वंगणही डिझेलचेच. म्हणून धूळ आणि पाणी हे या पंपाचे खरे वैरी.

आता निदान. वैद्य जसा आधी जीभ आणि नाडी पाहतो, सुरी मागाहून घेतो, तसेच येथेही करावे. तपासणी टाकीपासून पंपाकडे न्यावी, उलट नव्हे. टाकीत डिझेल आहे काय, कॉक उघडा आहे काय, टोपणाचे भोक मोकळे आहे काय? मग फिल्टरच्या तळाशी पाणी साचले असल्यास काढावे, फिल्टर तुंबला असल्यास बदलावा. त्यानंतर हवा काढावी. फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप मारला, की प्रथम फेसाळ डिझेल येते. बुडबुडे थांबून स्वच्छ धार लागली, की स्क्रू आवळावा. दुखणे बहुधा येथेच संपते.

इंजिन चालते, पण अडखळते, असे असेल तर मंद गतीवर ठेवून इंजेक्टरच्या पाइपांचे नट एकेक करून किंचित सैल करावेत. ज्या नटाने इंजिनाचा आवाज बदलत नाही, दोष त्या सिलिंडराचा. मात्र फवाऱ्यासमोर बोट कधीही धरू नये. तो कातडी भेदून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी तत्काळ इस्पितळ गाठावे. कॉमन रेलच्या नव्या ट्रॅक्टरांत दाब याच्या कितीतरी पट असतो. तेथे हा प्रयोग मुळीच करू नये.

धूरही बोलतो. काळा धूर बहुधा तुंबलेला एअर फिल्टर, जादा ओझे किंवा ठिबकणारे नोझल सांगतो. पांढरा धूर न जळलेले डिझेल. निळा धूर जळणारे इंजिन ऑइल.

एवढे सारे पाहून झाल्यावर पंपावर संशय घ्यावा. थंड असता सुरू होणारे इंजिन तापल्यावर सुरू होत नसेल, तर एलिमेंट झिजल्याचा संभव मोठा. कारण तापून पातळ झालेले डिझेल फटीतून निसटते. इंजिन ऑइलची पातळी वाढून त्याला डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंपाचा पडदा फाटला असेल, नाहीतर मुख्य पंप आतून गळत असेल. अशा वेळी पंप बाहेरून धुवावा, बसवण्याची खूण करून मगच उतरावा, पाइपांची तोंडे झाकावीत, आणि टेस्ट बेंच असलेल्या कारागिराकडेच न्यावा. तेथे प्रत्येक एलिमेंटचे डिझेल मापाच्या नळीत धरून वाटा सारखा करतात. एलिमेंट बदलायचे ते जोडीनेच; एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलला चालत नाही. झाडाखाली पोत्यावर पंप उघडणे म्हणजे धुळीत डोळ्याचे ऑपरेशन करणे होय. आणि ताकद वाढवण्यासाठी सील तोडून स्क्रू फिरवणे हा तर आत्मघात. काळा धूर वाढतो आणि इंजिनाचे आयुष्य घटते.

तात्पर्य इतकेच. गाळून भरलेले डिझेल, वेळेवर बदललेला फिल्टर आणि टाकीपासून सुरू केलेली तपासणी, या तीन गोष्टी पाळल्या तर पंप उघडण्याची वेळ क्वचितच येईल. पुढच्या मृगात गावाकडून फोन आला, की ‘मिस्त्री बोलाव’ म्हणण्याआधी आपण एवढेच विचारावे: ‘अरे, टाकीचे टोपण उघडून पाहिलेस का?’