पन्नास वर्षांनी आगबोटीत पाऊल

लग्नाला पन्नास वर्षे झाली म्हणजे काय करावे, याबद्दल आपल्या समाजात फारसा मतभेद नाही. हॉल घ्यावा, दोनशे पाने उठवावीत, म्हाताऱ्या वधूवरांना पुन्हा हार घालायला लावावेत आणि व्याहीमंडळींच्या देखत त्यांची यथेच्छ थट्टा करावी. आमच्या मुलांनीही २०२४ च्या डिसेंबरासाठी हेच योजले होते. हॉल पाहून झाला होता, आचाऱ्याशी बोलणे चालले होते. आणि एका रात्री आमटीची वाटी खाली ठेवून हे म्हणाले, "हॉल नको. आम्ही दोघे बोटीने कुठेतरी जाऊन येतो."

वाचकहो, तुम्हांला यात विशेष काही वाटणार नाही. हल्ली पुष्कळ लोक बोटीने सहलीला जातात. पण आमच्या घरात त्या वाक्याने सगळ्यांचे हात ताटातच थांबले. ह्यांनी जन्मात कधी बोटीवर पाऊल ठेवले नव्हते. होडीवरसुद्धा नाही.

कारण सांगायचे तर १९४७ सालापर्यंत मागे जावे लागेल. त्या वर्षीच्या १७ जुलैला सकाळी 'रामदास' नावाची आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. आषाढ अमावास्या तोंडावर आलेली. गटारीला घरी पोहोचावे म्हणून मुंबईत पोटासाठी राहिलेली अलिबागकडची माणसे बोटीत दाटीवाटीने बसली होती. बंदराबाहेर पडल्यावर काश्याच्या खडकाजवळ वादळाने बोट कलंडली आणि तासाभराच्या आत होत्याची नव्हती झाली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. कोळ्यांनी आपल्या होड्या घालून काहींना वाचवले, पण माझे सासरे त्यांत नव्हते. सासूबाई तेव्हा वीस वर्षांच्या आणि हे पोटात.

प्रेत मिळाले नाही. वर्षभर सासूबाईंनी कुणाला आपले कुंकू पुसू दिले नाही, असे माझ्या आतेसासूबाई सांगत. मुलगा झाला, मोठा झाला, मुंबईत शिकायला निघाला, तेव्हा त्यांनी त्याला देवापुढे बसवले आणि हातावर पाणी घालून वचन घेतले, की माझ्या जिवात जीव आहे तोवर पाण्यावर पाऊल टाकणार नाहीस. ह्यांनी ते पाळले. म्हणजे कसे पाळले ते ऐका. आमचे गाव अलिबाग तालुक्यात, रेवसपासून हाकेच्या अंतरावर. धक्क्यावरून लाँचने तासाभराची वाट. आम्ही मात्र दर गणपतीला पनवेल, पेण असा वळसा घालून एस्टीने जायचो. मांडीवर मूल, पायांशी ट्रंक आणि वडखळला हमखास खोळंबा. सासूबाई २०११ साली गेल्या, वचन तिथेच सुटले. पुढे २०२० साली मांडव्याला मोटारी घेऊन जाणारी रो-रो बोट सुरू झाली, मुले तिच्यातून ऐटीत जाऊ लागली. तरी हे आपले एस्टीत.

आणि माझी गोष्ट नेमकी उलटी! मी रत्नागिरीची. माझे सगळे बालपण आगबोटीच्या भोंग्यावर हिंदकळलेले. 'रोहिणी', 'चंपावती' ही माझ्या लेखी मावश्यांचीच नावे. बोट धक्क्याला लागत नसे, दूर समुद्रात उभी राही. आपण पडावात बसून तिच्या अंगाला जाऊन भिडायचे, आणि पडाव लाटेवर वर आला की नेमक्या त्या क्षणी खलाश्याच्या हातात हात देऊन बोटीच्या दारात उडी घ्यायची. वर गेले की डेकवर जागा धरायची, वळकट्या सोडायच्या, मग कुणाचे लाडू, कुणाचे घावन, कुणाचे ओकणे! पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून गणेशचतुर्थी झाली की पहिल्या बोटीची वाट सारे गाव पाही. लग्न होऊन अलिबागकडच्या घरात आले आणि हे सगळे बंद झाले. मला कुणी मना केले नव्हते. पण ज्या घरातला माणूस पाण्याने नेला, त्या घरच्या सुनेने बोटीतल्या गमती काय सांगायच्या? पन्नास वर्षे मी ते बोलले नाही. त्या रात्री ह्यांचे बोलणे ऐकून मला आनंद झाला की भीती वाटली, हे खरेच सांगता येणार नाही.

मुंबईहून लक्षद्वीपला जाऊन परत येणारी चार रात्रींची सफर ठरली. दोघांचे मिळून साठ हजारांवर गेले. माझ्या हिशेबाने एवढ्यात सबंध आळीला बासुंदी-पुरी झाली असती, पण मी गप्प बसले. लक्षद्वीपला जायला आपल्याच देशात परवाना लागतो. तो बोटवाल्यांनी काढला.

बोट बॅलार्ड पियरवरून सुटायची. एके काळी विलायतेच्या बोटी इथेच लागत. १९३१ च्या डिसेंबरात गोलमेज परिषदेहून गांधीजी उतरले तेही इथेच. आम्ही पोहोचलो तेव्हा मात्र लग्नाच्या वऱ्हाडासारखी गर्दी आणि रांगांवर रांगा. दीड-दोन हजार माणसे, त्यांतली निम्मी तरी गुजराती कुटुंबे, बरोबर खाकऱ्यांचे डबे. बोट म्हणजे पाण्यावर उभी केलेली दहा-अकरा मजली चाळच. फरक एवढाच, की हिला लिफ्ट होती आणि जिन्यात गालिचा. माझ्या पिशवीतला नारळ तपासणीत काढून घेतला. "समुद्रात काहीही टाकायचे नाही, आजी," तो पोरगा नम्रपणे म्हणाला. फुलांची पुडी तेवढी राहिली.

सुटण्यापूर्वी सगळ्या प्रवाशांना कवायतीला बोलावतात. सात आखूड भोंगे आणि एक लांब, असा इशारा झाला की आपापल्या ठरलेल्या जागी जमायचे; तिथे जीवरक्षक जाकीट कसे बांधायचे, कोणत्या होडीत जायचे ते दाखवतात. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाली, त्यानंतर दोन वर्षांनी देशोदेशींनी बसून समुद्रावरच्या सुरक्षिततेचा पहिला करार केला. या सगळ्या शिस्तीचे मूळ तिथे आहे. बाकीची मंडळी त्या वेळी हसत होती, फोटो काढत होती. हे मात्र शाळेतल्या मुलासारखे पुढच्या रांगेत उभे. जाकिटाचे बंद त्यांनी दोनदा बांधून पाहिले, दोनदा सोडले. मग त्या दाखवणाऱ्या मुलीला विचारले, "प्रत्येकाला एक आहे ना?" ती म्हणाली, "आहे, काका. जास्तच आहेत." हे "बरं" म्हणाले आणि जाकीट घडी करून परत दिले.

पाचच्या सुमारास बोट हलली. हलली हे कळलेच नाही, धक्का मागे सरकला म्हणून समजले. सगळी माणसे उजव्या कठड्याला लोटली, कारण त्या बाजूला गेट वे, ताज, कुलाबा. मीही तिकडेच पळाले, खोटे कशाला बोलू! मुंबई समुद्रावरून पाहावी. तिच्यातली सगळी घाण आणि घाई पुसून जाते आणि सोनेरी कडांची एक रांगोळी तेवढी उरते. कुलाब्याच्या टोकाला १८७५ सालचा प्रॉंग्जचा दीपस्तंभ आला, तेव्हा लक्षात आले की हे शेजारी नाहीत.

ते डाव्या कठड्याशी उभे होते. त्या बाजूला कुणीही नव्हते. समोर करंजाचा डोंगर, पलीकडे धुरकट रेवस-मांडव्याचा किनारा आणि मध्ये शिशाच्या रंगाचे पाणी. मी जाऊन उभी राहिले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "इतकं जवळ आहे गं. किनारा दिसतो आहे की."

सत्त्याहत्तर वर्षे हा माणूस मनात एक अथांग समुद्र धरून बसला होता, आणि प्रत्यक्षात ती जागा घराच्या ओसरीइतकी जवळ निघाली. दिलासा म्हणावा, तर तसा तो नव्हता. जवळ असल्यामुळेच ते अधिक वाईट होते. मी फुलांची पुडी पुढे केली. त्यांनी मान हलवली. "नको. टाकायचं नाही म्हणाला ना तो."

पुढे अंधारात खांदेरीचा दिवा लुकलुकला. १६७९ साली शिवाजीमहाराजांच्या माणसांनी इंग्रजांच्या नाकावर टिच्चून इथे तट उभारायला घेतला. आज त्याला कान्होजी आंग्रे बेट असे नाव आहे. एवढे ह्यांनी मला सांगितले, म्हणजे गाडी रुळावर आली असे मी समजले.

बोटीवरच्या जेवणाचे वर्णन करीत नाही. इतके असते की भूक मरते. चहा मात्र मनासारखा चार दिवसांत एकदाही मिळाला नाही, आणि वरच्या डेकवरचा लाउडस्पीकर पहाटे थकून झोपायचा. पोहण्याच्या तलावाकाठी आमच्या सुनेच्या वयाच्या बायका निर्धास्त बसलेल्या पाहून मला आधी संकोच आणि मग, का कोण जाणे, बरे वाटले. पाण्याचे मला नवल वाटे: पिण्याचे, नहाण्याचे गोडे पाणी बोटीवरची यंत्रे समुद्राच्याच पाण्यातून काढतात. रत्नागिरीच्या बोटीवर आम्ही घरचा तांब्या नेत असू.

त्या रात्री दीडला मी उठले आणि शाल घेऊन बाहेर गेले. आता रत्नागिरीचा दिवा दिसेल अशी आशा होती. काहीच दिसले नाही. पूर्वीची बोट किनारा धरून, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण अशी दारोदार थांबत जाई. ही सरळ भर समुद्रातून. कोठीतल्या पडद्यावर नकाशा आणि त्यात सरकणारा एक ठिपका, एवढेच माझे माहेर. मला रडू आले. पन्नास वर्षे जे राखून ठेवले ते तिथे नव्हतेच. मागून हे आले. "काय झालं?" म्हणाले. आणि मग मी सांगू लागले: पडाव, उडी, वळकट्या, रोहिणी, चंपावती, माझ्या आजीने डेकवर मांडलेला संसार. पहाटेपर्यंत सांगत होते. हे मधूनमधून हसत होते. एकदा म्हणाले, "हे कधी बोलली नाहीस?" मी म्हटले, "तुम्ही तरी कुठे बोललात?"

दुसरा सगळा दिवस नुसते पाणी. विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटरवर समुद्रात आंग्रिया बँक नावाचे बुडालेले प्रवाळपठार आहे. त्याच्या आसपासून जात असू, पण वरून पाहणाऱ्याला निळ्या रंगाखेरीज काही कळत नाही. तिसऱ्या सकाळी मात्र पडदा उघडला आणि समोर अगत्ती! लक्षद्वीपची छत्तीस बेटे मिळून जमीन अवघी बत्तीस चौरस किलोमीटर. अगत्ती म्हणजे नारळांची एक लांबट पट्टी. तिच्याभोवती प्रवाळाचा बांध आणि आत हिरवट काचेसारखे उथळ पाणी. त्या उथळ पाण्यात मोठी बोट जाऊ शकत नाही. तेव्हा बाहेरच उभे राहायचे आणि बोटीच्या पोटातल्या दारातून बेटावरच्या लहान होडीत उतरायचे!

मला हसू फुटले. रत्नागिरी इथे भेटायची होती तर. पण ह्यांच्याकडे पाहिले आणि हसू गेले. दाराबाहेर होडी हातभर वर येई, हातभर खाली जाई. मोठी बोट ही जमिनीसारखीच; ही होडी म्हणजे मात्र खरे पाणी. हे दारात थबकले. मागे रांग खोळंबली. एक गृहस्थ "चला, चला" करू लागले.

मी आधी उतरले. पाय अजून विसरले नव्हते. होडी वर येताच पाऊल टाकले आणि वळून हात पुढे केला. "अहो, लाट बघू नका. माझ्याकडे बघा. मी 'आता' म्हणेन तेव्हा या." दुसरा हात बेटावरच्या एका तरुण नावाड्याने धरला. होडी वर आली. मी "आता" म्हटले. हे आले.

बेटावर लोकांनी काच लावलेल्या होड्यांतून प्रवाळ पाहिले, शहाळी प्यायली, वाळवलेला टूना विकत घेतला. आम्ही नारळीखाली बसलो. थोड्या वेळाने हे उठले, पायजमा वर खोचून घोटाभर पाण्यात उभे राहिले, दक्षिणेकडे तोंड केले आणि ओंजळ भरली. तीनदा. भटजी नव्हता, तीळ नव्हते, मंत्र त्यांना पुरते येत नाहीत. वडिलांचे नाव घेतलेले मला ऐकू आले. मी फुले नेली नाहीत. ती पुडी माझ्या पिशवीतच सुकली.

मुंबईला उतरल्यावर मुले मोटार घेऊन आली होती. सगळ्यांनी विचारले, कसे होते? हे म्हणाले, "जेवण फार."

पुढच्या महिन्यात गावच्या घराची कौले बघायला जायचे निघाले. मी सवयीने एस्टीच्या वेळा काढल्या. हे म्हणाले, "धक्क्यावरनं जाऊ." लाँच जुनाट होती, डिझेलचा वास, कोंबड्यांची एक करंडी आणि कॉलेजची पोरे. हे कडेच्या बाकावर बसले. बंदर मागे पडल्यावर तांडेलाला त्यांनी विचारले, "काश्याचा खडक कुठला?" तांडेलाने सुकाणू न सोडता हनुवटीने दाखवले. "कोन होता तुमचा?" त्याने विचारले. ह्यांनी सांगितले. "माजा आजा व्हता," तो म्हणाला. मग रेवस येईपर्यंत ते दोघे बोलत राहिले, आणि मी कोंबड्यांची करंडी पायाने धरून बसले, कारण ती सारखी माझ्याकडे सरकत होती.