तासगावच्या कागदांतली मोडी

तासगावचे गणपती मंदिर पेशवाईतले सरदार परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधले, हे सगळ्यांना ठाऊक असते. भाऊंच्या काळातला पत्रव्यवहार मात्र ज्या मोडी लिपीत चाले, ती आज तासगावात वाचणारे थोडेच.

मोडीचे श्रेय परंपरा यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, याला देते. पण लिपी एका माणसाच्या हातून जन्मते, असे क्वचितच घडते. भराभर लिहिण्याच्या गरजेतून ती हळूहळू घडली असावी, हेच पटते. चिनी अक्षरांनाही घाईतून अशीच धावती वळणे आली.

कारकून आधी पानभर आडव्या रेघा ओढी, मग बोरूने त्यांना लगटून अक्षरे उतरवी. बोरू उचलायचा तो दौतीत बुडवण्यापुरता. शब्दांत जागा नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही सहसा नाही. त्यामुळे ‘दिन’ की ‘दीन’, हे संदर्भानेच ठरवायचे. नवख्याला इथेच घाम फुटतो. शिवकाळातले वळण वेगळे, पेशवाईतले आणखी सफाईदार.

मोडीचे छापील खिळेही झाले होते. विल्यम केरीचा 1810 चा मराठी कोश मोडीत छापला गेला. तरी जोडून धावणाऱ्या अक्षरांपेक्षा सुटी बाळबोध, म्हणजे देवनागरी, छापायला सोयीची होती. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतूनही मोडी गेली.

2014 मध्ये ती युनिकोडमध्ये आली. 2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी जुन्या मोडी कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचकांना एकाएकी भाव आला. घरात जुने कागद असतील तर रद्दीत घालण्याआधी जाणकाराला दाखवा.