दोरोची द्राक्षसुगी: पाहुणे आले, भाव आला नाही

डिसेंबर २००१ मध्ये युनेस्कोने उत्तर पोर्तुगालमधल्या दोरो नदीच्या खोऱ्यातला सुमारे २४,६०० हेक्टरचा द्राक्षपट्टा जागतिक वारशाच्या यादीत घेतला. त्याच्या पाच वर्षे आधी, १९९६ मध्ये, पोर्ट वाइनच्या बागा आणि वायनऱ्या प्रवाशांना खुल्या करणारा पर्यटन मार्ग आखला गेला होता. तेव्हापासून या खोऱ्यातला ‘विंदिमा’, म्हणजे द्राक्षतोडणीचा हंगाम, हे स्वतंत्र पर्यटन झाले. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत लोक पोर्तोहून आगगाडीने किंवा बोटीने खोऱ्यातल्या पिन्याँव गावी येतात, तासभर घड कापतात, बागेतल्या मांडवाखाली जेवतात आणि संध्याकाळी गुडघाभर द्राक्षांत उतरून ती तुडवतात. या पंचवीस वर्षांचा हिशेब मांडताना दोन टोकाची मते ऐकू येतात. पर्यटनाने हंगामाचा तमाशा केला, असे एक मत. पर्यटनानेच हंगाम वाचवला, असे दुसरे. दोन्ही अपुरी आहेत. प्रवाशांनी सुगीचा सोहळा टिकवायला हातभार लावला, हे खरे. पण सुगी टिकते ती द्राक्षाच्या भावावर, आणि त्या भावापर्यंत प्रवाशांचा पैसा फारसा पोहोचलाच नाही.

पहिला आक्षेप जुन्या दिवसांच्या ओढीतून येतो. पूर्वीची तोडणी अस्सल होती, पाहुण्यांनी ती बिघडवली, असे म्हणणाऱ्यांनी ती तोडणी कशी होती ते आठवावे. आजूबाजूच्या डोंगराळ, गरीब गावांतून मजुरांच्या टोळ्या पायी चालत खोऱ्यात उतरत. टोळीचा म्होरक्या मजूर गोळा करी आणि मळेवाल्याशी मजुरी ठरवी. आपल्याकडच्या ऊसतोडीतला मुकादम डोळ्यांसमोर आणला की त्याचे काम समजते. बायका घड कापत आणि त्यांना मजुरी कमी मिळे. पुरुष पन्नास-साठ किलोंच्या टोपल्या पाठीवर घेऊन दगडी पायऱ्यांवरून रांगेने उतरत. ओझ्याचा पट्टा कपाळावर येई. रात्री मजुरांच्या कोठीत पेंढ्यावर झोपायचे. पोर्तुगीज लेखक मिगेल तोर्गा यांनी १९४५ साली ‘विंदिमा’ ही कादंबरी लिहिली ती याच माणसांवर. १९६०च्या दशकात वाट मिळताच ही माणसे फ्रान्स-जर्मनीला निघून गेली; आफ्रिकेतल्या वसाहतींच्या युद्धात तरुण ओढले गेले ते वेगळेच. टोळ्या विरळ झाल्या, वायनऱ्यांनी यंत्रे आणली, आणि हे सारे पर्यटक येण्याच्या कितीतरी आधी घडले. जुना हंगाम मोडला तो मजुरांनी चांगल्या मजुरीची निवड केली म्हणून. त्याबद्दल हळहळण्याचा अधिकार सुट्टीवर आलेल्या कोणालाही नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: पायांनी द्राक्षे तुडवणे आता निव्वळ पाहुण्यांसाठी चालू ठेवलेले नाटक आहे. इथे पोर्ट वाइन कशी होते ते पाहावे लागते. साधी लाल वाइन सालींसह आठवडाभर किंवा जास्त आंबते आणि तेवढ्या वेळात रंग व तुरटपणा रसात उतरतो. पोर्टमध्ये दोन-तीन दिवसांतच, साखर शिल्लक असताना, सुमारे ७७ टक्के अल्कोहोल असलेली द्राक्षाची ब्रँडी घालून आंबणे थांबवतात. म्हणजे सालीतले सगळे काही त्या दोन-तीन दिवसांत काढून घ्यायचे असते. ग्रॅनाइटच्या उथळ, चौकोनी हौदात माणसे खांद्याला खांदा लावून रांगा धरतात. एक जण ‘डावा, उजवा’ असा ताल देतो आणि सगळे तास-दोन तास इंच-इंच पुढे सरकतात. मग रांगा सुटतात, अ‍ॅकॉर्डियन सुरू होते आणि ज्याला जसे हवे तसे तो नाचत तुडवतो. माणसाचा पाय साल फोडतो, पण बी फोडत नाही. बी फुटली तर रसात कडवटपणा येतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस काही मोठ्या घराण्यांनी यांत्रिक हौद बसवले तेव्हा त्यांनीही पायाचा हाच दाब आणि हाच ताल नमुना म्हणून समोर ठेवला. आजही काही मळ्यांत उत्तम प्रतीच्या पोर्टची द्राक्षे पायांनीच तुडवली जातात. या पद्धतीला माणसे लागतात आणि माणसे महाग आहेत. पैसे मोजून हौदात उतरणारा पाहुणा तो खर्च थोडा हलका करतो. त्याच्या उत्साहामुळे एक उपयुक्त कारागिरी चालू राहत असेल, तर तिला नाटक म्हणणे अन्यायाचे आहे.

पर्यटनाच्या बाजूचा आणखी एक पुरावा कायद्यात सापडतो. शतकानुशतके पोर्ट डोंगरात तयार होई, पिंपांतून नदीने खाली येई आणि पोर्तोसमोरच्या विला नोव्हा दि गाया इथल्या गोदामांत मुरे. निर्यातही तिथूनच व्हायची, त्यामुळे व्यापार गोदामवाल्यांच्या हाती राहिला. १९८६ मध्ये, पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला त्याच वर्षी, बागाईतदाराला स्वतःच्या मळ्यातून पोर्ट निर्यात करण्याची मुभा मिळाली. लहान मळ्यांनी आपल्या नावाच्या बाटल्या काढल्या. पुढे वाट वाकडी करून येणारा प्रवासी त्यांचे पहिले थेट गिऱ्हाईक ठरला. काही जुन्या कोठ्यांच्या पाहुण्यांच्या खोल्या झाल्या, गावातल्या मुलांना स्वयंपाकघरात आणि वाइन चाखवण्याच्या कामात नोकऱ्या मिळाल्या. हा लाभ खरा आहे आणि तो नाकारून कोणाचे भले होणार नाही.

पण तो लाभ किती जणांना झाला? दोरोत सुमारे अठरा ते वीस हजार बागाईतदार आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांची जमीन अगदी थोडी आहे. त्यांच्याकडे ना वायनरी आहे ना पाहुण्यांची खोली. ते द्राक्षे काढतात आणि सहकारी संस्थेला किंवा कंपनीला घालतात. नदीवर धरणे बांधून जहाजांसाठी जलपाश केले, १९९० पासून स्पेनच्या हद्दीपर्यंत जलमार्ग खुला झाला आणि मोठ्या प्रवासी बोटी आल्या. त्यांतले प्रवासी बोटीवरच जेवतात, बोटीवरच झोपतात आणि दोन्ही काठांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागा डेकवरून पाहतात. त्या बागांच्या दगडी ताली ज्याने सांभाळल्या, त्याला त्या पाहण्याचे काहीच मिळत नाही.

त्याचे उत्पन्न ठरते ते दुसरीकडे. कुठल्या बागेतल्या किती रसाची पोर्ट करता येईल, याचा कोटा दरवर्षी जाहीर होतो आणि बागेच्या प्रतीनुसार वाटला जातो. कोट्यातल्या द्राक्षांना बरा भाव मिळतो. उरलेली साध्या वाइनसाठी जातात आणि अनेकदा त्यांत उत्पादनखर्चही निघत नाही. ५५० लिटरचे एक पिंप धरले, तर हा कोटा २०२२ मध्ये १ लाख १६ हजार पिंपांचा होता, २०२४ मध्ये ९० हजारांचा आणि २०२५ मध्ये ७५ हजारांचा. जगात पोर्टचा खप या शतकाच्या सुरुवातीपासून घटतो आहे, त्याचा हा परिणाम. अलीकडच्या हंगामांत द्राक्षे वेलीवर तयार आणि घेणारा कोणी नाही, अशी वेळ अनेकांवर आली. तोडणीला आता मजूर मिळत नाहीत म्हणून ठेकेदार नेपाळ, भारत आणि बांगलादेशातून आलेली माणसे आणतात. उन्हाळे तापत चालल्याने सप्टेंबरच्या उत्तरार्धातली तोडणी बऱ्याच बागांत ऑगस्टमध्येच सुरू होते, म्हणजे हे काम आणखी कडक उन्हात होते. पाहुण्यांच्या छायाचित्रांत हे मजूर सहसा दिसत नाहीत.

यावर व्यवहारी माणूस विचारील की बाजार घटला तर पर्यटनाचा काय दोष, आणि ज्याचा माल खपत नाही त्याने दुसरे काही लावावे. दोष पर्यटनाचा नाही, हे मान्य. पण दोरो क्वचितच मोकळा बाजार होता. १७५६ मध्ये पोर्तुगालच्या राजाचे प्रमुख मंत्री मार्क्विस ऑफ पोंबाल यांनी इथे कंपनी स्थापून हद्द आखली, ग्रॅनाइटचे खांब रोवून कोणती द्राक्षे पोर्टची हे ठरवले, आणि तेव्हापासून बहुतेक काळ सरकारने इथल्या पिकाचे नियमन केले आहे. शिवाय उभ्या उतारावरच्या शिस्ट खडकात द्राक्ष, ऑलिव्ह आणि बदाम यांपलीकडे फारसे काही पिकत नाही. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या किडीने ज्या बागा मेल्या, त्यांतल्या काही पायऱ्यांवर आजही नुसती झुडपे आहेत. बाग सोडली की ताल ढासळते आणि ताल ढासळली की डोंगर पुन्हा रान होतो. हॉटेल, बोट आणि आगगाडी जे विकतात तो हाच देखावा. जो दुसऱ्याच्या कष्टाचा देखावा विकतो त्याने त्याच्या राखणीचा वाटा उचलावा, ही मागणी दयेची नाही, न्यायाची आहे. बोटींच्या आणि खोल्यांच्या भाड्यातून ठरावीक हिस्सा ताली दुरुस्त करणाऱ्या लहान बागाईतदारांना मिळाला पाहिजे.

नाशिक-दिंडोरीकडच्या वायनऱ्यांतही जानेवारी ते मार्चच्या हंगामात पाहुणे द्राक्षे तुडवू लागले आहेत, तेव्हा हा प्रश्न मराठी वाचकाला परका नाही. दोरोच्या हंगामाला जाणाऱ्याने जरूर जावे आणि हौदातही उतरावे. मात्र मुक्काम लहान मळ्यावर करावा, बाटली ती पिकवणाऱ्याकडून घ्यावी आणि निघण्यापूर्वी त्याला एक प्रश्न विचारावा: यंदा द्राक्षाला भाव काय मिळाला? पाहुणे हे विचारू लागले, तर ज्यांनी उत्तर द्यायला हवे त्यांनाही ते टाळता येणार नाही.