वेबपानात कोड किती असावा?

वेब अनुप्रयोगाच्या पानात दोन प्रकारचा मजकूर असतो. मांडणीचे एचटीएमएल सगळ्यांना सारखेच दिसते. खात्यातली शिल्लक किंवा वस्तूंची यादी मात्र माणसागणिक बदलते. हे दोन्ही एकत्र आणण्याचे मुख्य मार्ग दोन: पानातच प्रोग्राम लिहिणे, किंवा टेम्प्लेट इंजिन वापरणे.

पहिला मार्ग पीएचपीने 1995 मध्ये लोकप्रिय करायला सुरुवात केली. जावाच्या सर्व्हलेटमध्ये, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या जावा प्रोग्राममध्ये, तर एचटीएमएलची ओळन्‌ओळ प्रोग्रामच्या आज्ञांमधून छापावी लागे. 1999 मध्ये आलेल्या जेएसपीने (जावासर्व्हर पेजेस) हा क्रम उलटा केला: पान एचटीएमएलचे, आणि <% व %> या खुणांमध्ये जावा कोड. सर्व्हर अशा पानाचे रूपांतर सर्व्हलेटमध्येच करतो. सुरुवात सोपी, पण पुढे एकाच फाइलमध्ये डेटाबेसची चौकशी, सवलतीचा हिशेब आणि तक्त्याची रंगसंगती यांची गुंतवळ होते. रंग बदलायला गेलेल्या डिझायनरच्या हातून हिशेब बिघडू शकतो, आणि त्या हिशेबाची वेगळी चाचणी घेणेही अवघड होते.

व्हेलॉसिटी, फ्रीमार्कर, जिंजा ही टेम्प्लेट इंजिने इथे उपयोगी पडतात. प्रोग्राम माहिती तयार करून हवाली करतो. टेम्प्लेटमध्ये रिकाम्या जागा, साधी अट आणि यादीवरची फेरी एवढेच प्रामुख्याने असते. यातही सीमा सहज पुसट होते. ‘किंमत हजारापेक्षा जास्त असेल तर’ ही अट निरुपद्रवी दिसते, पण तो व्यवसायाचा नियम आहे. संगणकशास्त्रज्ञ टेरेन्स पार यांनी 2004 च्या शोधनिबंधात म्हणूनच अशी तुलनाही टेम्प्लेटबाहेर ठेवण्याचा आग्रह धरला. नियम कडक आहे, पण मोठ्या प्रकल्पात तो श्रम वाचवतो. दोन-चार पानांच्या संकेतस्थळाला मात्र साधे पीएचपी पुरते. जेएसपीही कोड पानाबाहेर ठेवण्याच्या दिशेने सरकले: 2003 च्या 2.0 आवृत्तीत छोटी अभिव्यक्ती-भाषा आली आणि पानातला जावा कोड बंद करण्याची सोयही मिळाली.

सुरक्षेचा मुद्दा अधिक गंभीर आहे. वापरकर्त्याने नावाच्या जागी स्क्रिप्ट लिहिली आणि ती जशीच्या तशी पानात उतरली, तर इतरांच्या ब्राउझरमध्ये ती चालू लागते. जँगो या वेब फ्रेमवर्कचे टेम्प्लेट इंजिन 2008 च्या 1.0 आवृत्तीपासून अशा मजकुरातली एचटीएमएलची चिन्हे आपोआप निष्प्रभ करते. साध्या पीएचपीत ते दर ठिकाणी लक्षात ठेवून करावे लागते. तरीही इंजिन म्हणजे अभेद्य कवच नव्हे. वापरकर्त्याचा मजकूर माहिती म्हणून न देता टेम्प्लेटमध्येच जोडला, तर इंजिन त्यातल्या आज्ञा सर्व्हरवर पाळते. सुरक्षा संशोधक जेम्स केटल यांनी 2015 मध्ये हा हल्ला अनेक इंजिनांवर करून दाखवला होता.