गिनती

येरवड्याच्या मध्यवर्ती कारागृहात चौदा वर्षे काढून आलेल्या आणि तेथील सुतारकामाच्या कारखान्यातच ज्यांनी प्रथम रंधा हाती धरला, अशा एका मिस्त्रींच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी अलीकडे एक दिवस बसून होतो. निरीक्षणगृहातून आलेली तीन मुले त्यांच्यापाशी काम शिकतात. त्यांपैकी एकाच्या चौकटीचे कुसू खाचेत शिरेना, तेव्हा त्याने हातोडी उगारली.

"ठोकू नको रे. कुठं अडतंय ते बघ."

मिस्त्रींनी कुसवावर पेन्सिलीचे शिसे घासले, ते खाचेत हलकेच सारून पुन्हा बाहेर काढले, आणि जेथे शिसे पुसले गेले होते तेवढाच भाग पटाशीने तासावयास लावला. तिसऱ्या खेपेस सांधा हाताच्या दाबानेच बसला.

तुरुंगात सायंकाळी हत्यारांची गिनती पुरी झाल्याखेरीज बराकीकडे जाण्याची मुभा नसे, आणि हत्यारांमागोमाग माणसांचीही गिनती होई. सुटल्यावर मात्र जो तो चालचलनाचा दाखला मागे. अखेरीस एका वखारवाल्याने काहीएक न विचारता, गावी जाताना, वखारीच्या किल्ल्या त्यांच्या स्वाधीन केल्या. "त्या रात्री मला झोप आली नाही," मिस्त्री म्हणाले.

त्या वखारवाल्याने जे सहजगत्या केले, तेच औंध संस्थानाने 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवून राजरोस केले होते. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या त्या तटबंदी नसलेल्या वसाहतीत बंदिवान शेती करून राहत. ग. दि. माडगूळकरांच्या कथेवर शांतारामबापूंनी 1957 साली काढलेला 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट त्याच प्रयोगावरून सुचलेला.

दिवस मावळताना सर्वांत धाकट्या मुलाने फळीवरच्या पटाश्या मोजून "सोळा" असे सांगितले. मिस्त्रींनी मान वळवून पाहिले नाही. ते भुसा झाडीत राहिले.

ही मुले उद्या कामाच्या शोधात कोणाच्या तरी दाराशी येतील. आपल्या कारखान्यात जागा रिकामी असेल, तर दाखला मागण्यापूर्वी त्यांच्या हातचा एखादा सांधा आपण पाहावा, एवढीच वाचकांस विनंती आहे.