कार्बाइड-पाणी पद्धतीच्या ॲसिटिलीन वायुजनित्राची रचना : येलदरीसारख्या ग्रामीण परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरी येथे बांधलेले धरण १९६८ साली पूर्ण झाले. गोदावरीच्या या उपनदीवरील प्रकल्पाने मराठवाड्याच्या या भागास सिंचनाचे पाणी दिले. धरणाच्या पायथ्याशी प्रत्येकी ७.५ मेगावॉट क्षमतेचे तीन संच असलेले जलविद्युत केंद्रही उभे राहिले. सिंचनाबरोबर इंजिने, पंप, पाइपलाइन, ट्रॅक्टर, ट्रॉल्या व लोखंडी अवजारे यांचा वापर वाढतो आणि त्यामागोमाग दुरुस्तीची गरज निर्माण होते. ही गरज भागविणारी वेल्डिंगची दुकाने मराठवाड्यातील कोणत्याही बाजारगावी आढळतात. जाड लोखंडासाठी विजेचे वेल्डिंग सोयीचे असले तरी पातळ पत्रा जोडणे, पितळेचे डाग देणे, वाकलेला दांडा तापवून सरळ करणे या कामांसाठी वायूची ज्योतच उपयोगी पडते. वीजपुरवठा खंडित असतानाही ती वापरता येते.

या ज्योतीसाठी लागणारा ॲसिटिलीन वायू दोन प्रकारे मिळतो. एक म्हणजे कारखान्यात भरलेल्या सिलिंडरमधून आणि दुसरा म्हणजे कॅल्शियम कार्बाइड व पाणी यांच्या संयोगातून जागेवरच तयार करून. दुसरी पद्धत दिसावयास अत्यंत सोपी आहे आणि नेमक्या याच कारणामुळे ती धोकादायक ठरते. प्रस्तुत लेखात अशा वायुजनित्राच्या रचनेमागील रसायनशास्त्र, त्याचे साधे गणित, सुरक्षिततेची अंगे आणि मराठवाड्यातील हवामान व पाणीटंचाई यांचा त्या रचनेवर होणारा परिणाम यांचे विवेचन केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

ॲसिटिलीन वायूचा शोध एडमंड डेव्ही यांनी १८३६ मध्ये लावला. कॅल्शियम कार्बाइड व पाणी यांपासून हा वायू मिळतो, हे फ्रीडरिख वोलर यांनी १८६२ मध्ये दाखवून दिले. तथापि कार्बाइडचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन १८९२ मध्ये टॉमस विल्सन यांनी विद्युत भट्टीत चुना व कोळसा एकत्र तापविल्यानंतरच शक्य झाले. त्यानंतर सायकलींचे, मोटारींचे आणि खाणीतील दिवे या वायूवर जळू लागले. शुद्ध ऑक्सिजनसोबत जाळल्यास या वायूची ज्योत सुमारे ३१०० अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचते. या गुणामुळे विसाव्या शतकाच्या आरंभापासून तो वेल्डिंगचा प्रमुख वायू बनला.

या वायूचा स्वभाव मात्र आरंभापासूनच तापट असल्याचे दिसून आले. दाबाखाली ठेवलेला ॲसिटिलीन हवेशिवायही विघटन पावून स्फोट घडवितो. हा वायू ॲसिटोनमध्ये विरघळवून साठविण्याचा मार्ग १८९६-९७ च्या सुमारास फ्रान्समध्ये क्लोद व हेस यांनी दाखविला. सच्छिद्र पदार्थाने भरलेला आजचा सिलिंडर याच मार्गाने विकसित झाला. सागरी दीपस्तंभांसाठी ॲसिटिलीनची स्वयंचलित यंत्रणा निर्माण करणारे स्वीडनचे गुस्ताफ डालेन यांना १९१२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी प्रयोगादरम्यान झालेल्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली होती. या विषयातील तज्ज्ञही या वायूपुढे सुरक्षित नव्हता, हे यावरून लक्षात येते.

अभिक्रिया व तिचे गणित :

जनित्रात घडणारी अभिक्रिया पुढीलप्रमाणे आहे :

कॅल्शियम कार्बाइड + पाणी → ॲसिटिलीन + विरलेला चुना + उष्णता

एक किलो शुद्ध कार्बाइडपासून प्रमाणित तापमान व दाबास सुमारे ३५० लिटर वायू मिळतो. बाजारातील कार्बाइडमध्ये चुना व इतर अशुद्धी असल्याने प्रत्यक्षात २८० ते ३०० लिटर वायू धरणे योग्य होय. अभिक्रियेसाठी लागणारे पाणी किलोमागे केवळ ०.५६ लिटर इतकेच आहे. अनेकांचा गैरसमज या आकड्यापासूनच सुरू होतो. जनित्रातील पाण्याचे काम केवळ अभिक्रिया घडविण्याचे नसून निर्माण होणारी उष्णता शोषून घेण्याचेही आहे, आणि दुसरे काम पहिल्याहून कितीतरी मोठे आहे.

एक किलो शुद्ध कार्बाइडच्या अभिक्रियेत सुमारे ४८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास एक किलोकॅलरी लागते. त्यामुळे किलोमागे १० लिटर पाणी असल्यास, उष्णता बाहेर न गेल्यास, पाण्याचे तापमान ४८ अंशांनी वाढेल. तेच पाणी ५ लिटर असल्यास ते उकळू लागेल. पाणी आणखी कमी असल्यास कार्बाइडच्या खड्यांवर चुन्याचा थर बसतो, आतील भाग तापत जातो आणि स्थानिक तापमान वायूच्या स्वयंज्वलनाच्या मर्यादेकडे, म्हणजे हवेत सुमारे ३०५ अंशांकडे, सरकू शकते.

जनित्राचे प्रकार :

कार्बाइड व पाणी कोणत्या क्रमाने एकत्र येतात, त्यावरून जनित्राचे दोन मुख्य प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात कार्बाइडवर पाणी थेंबाथेंबाने सोडले जाते. जुन्या दिव्यांमध्ये हीच योजना असे. तीत यंत्र लहान व स्वस्त होते, परंतु थंड करणारे पाणी नसल्याने कार्बाइड तापते. शिवाय पाणी बंद केल्यावरही ओलसर कार्बाइडमधून वायू निघतच राहतो. दिव्यासारख्या अल्प वापरास ही पद्धत चालते, वेल्डिंगच्या कामास मात्र ती अयोग्य आहे.

दुसऱ्या प्रकारात भरपूर पाण्यात कार्बाइड थोडे थोडे टाकले जाते. उष्णता पाण्यात पसरते, चुना गाळाच्या रूपाने तळाशी बसतो आणि वायू पाण्यातून धुऊन वर येतो. वेल्डिंगसाठी हाच प्रकार ग्राह्य मानला जातो. यात कार्बाइडचा चुरा वापरू नये. खड्यांपेक्षा चुऱ्याचे पृष्ठफळ फार मोठे असल्याने एकाच क्षणी प्रचंड वायू व उष्णता निर्माण होते.

वायुधारक टाकीची आखणी :

साध्या जनित्रात पाण्यावर उपडी तरंगणारी टाकी वायुधारकाचे काम करते. वायू जमला की ती वर उचलली जाते आणि वापरला की खाली येते. दाब टाकीच्या वजनावर ठरतो. उदाहरणार्थ, ६० सेंटिमीटर व्यासाच्या टाकीचे क्षेत्रफळ सुमारे २८२७ चौरस सेंटिमीटर असते. तिचे वजन २८ किलो असल्यास वायूचा दाब सुमारे १० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका राहील. हा अल्प दाब हीच या रचनेची सुरक्षितता आहे. दाब वाढविण्यासाठी टाकीवर दगड ठेवणे म्हणजे रचनेचा पाया काढून घेणे होय. मुक्त ॲसिटिलीन कोणत्याही परिस्थितीत वातावरणाहून एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर अधिक दाबापुढे नेऊ नये, हा सर्वमान्य नियम आहे.

वरील टाकी ५० सेंटिमीटर वर उचलली जात असेल तर तीत १४१ लिटर वायू मावेल. पोलादी पत्र्याच्या प्रत्येक मिलिमीटर जाडीमागे ताशी सुमारे १०० लिटर वायू लागतो, या ढोबळ हिशेबाने ३ मिलिमीटर पत्र्यास ताशी ३०० लिटर, म्हणजे सुमारे एक किलो कार्बाइड लागेल. एका खेपेस २५० ग्रॅम कार्बाइड टाकल्यास ७० लिटर वायू निघेल. म्हणून टाकी निम्म्याहून खाली आल्याशिवाय पुढची खेप टाकू नये. जादा वायू छपराबाहेर सोडणारी नळीही असणे अनिवार्य आहे.

वायूशी सतत संपर्क येणाऱ्या भागांत तांबे, चांदी किंवा पारा नसावा. तांब्याचे प्रमाण अधिक असलेल्या पितळी जोडण्याही टाळाव्यात. या धातूंशी ॲसिटिलीनचा संयोग होऊन धक्क्यानेच फुटणारी संयुगे तयार होतात. घरातील तांब्याची नळी तोटी म्हणून बसविणे हा वरकरणी किरकोळ वाटणारा बदल प्राणघातक ठरू शकतो.

पाण्याचा अडसर :

टॉर्चमध्ये ज्योत उलट फिरल्यास किंवा नोझल चोंदल्यास अधिक दाबाचा ऑक्सिजन वायूच्या नळीतून मागे येऊ शकतो. तो जनित्रात पोहोचल्यास संपूर्ण टाकी स्फोटक मिश्रणाने भरते. हे रोखण्यासाठी जनित्र व टॉर्च यांच्यामध्ये पाण्याचा अडसर ठेवतात. त्यात वायू आणणारी नळी पाण्यात खोलवर बुडलेली असते आणि बाहेर उघडणारी दुसरी नळी तीपेक्षा कमी खोल असते. मागून दाब आल्यास पाण्याची पातळी खाली दाबली जाते. प्रथम आखूड नळीचे तोंड उघडे पडून वायू बाहेर निघून जातो, जनित्राकडील नळी मात्र पाण्याने बंदच राहते.

हा अडसर पाणी योग्य पातळीस असेपर्यंतच काम करतो. परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंशांपुढे जाते, अशा वेळी पाण्याची पातळी बाष्पीभवनाने घटते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी दररोज पातळी पाहणे आवश्यक ठरते.

मराठवाड्याच्या संदर्भातील विचार :

किलोमागे १० लिटर पाणी हे प्रमाण बहुतेक माहितीपुस्तिकांत दिलेले आढळते. जनित्रातील पाणी सुमारे ७० अंशांपुढे तापू नये, अशीही अपेक्षा असते. थंड प्रदेशात मूळ पाणी १५ अंशांचे असल्यास ४८ अंशांची वाढ होऊन ते ६३ अंशांवर थांबते. परंतु मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालील टाकीतील पाणी ३३ अंशांचे असल्यास तेच प्रमाण ८१ अंशांवर जाते. प्रत्यक्षात काही उष्णता टाकीच्या भिंतींतून बाहेर जाते, हे खरे असले तरी सुरक्षिततेची आखणी अशा सवलतीवर करता येत नाही. किलोमागे १५ लिटर पाणी घेतल्यास वाढ ३२ अंशांची होते आणि तापमान ६५ अंशांच्या आसपास राहते. म्हणून या भागासाठी १५ लिटर हे प्रमाण अधिक उचित होय.

येथे एक विसंगती उद्भवते. ज्या ऋतूत जनित्रास अधिक पाणी हवे, त्याच ऋतूत गावात पाण्याची टंचाई असते. साहजिकच पाणी वाचविण्याचा, तेच तापलेले गाळयुक्त पाणी पुन्हा वापरण्याचा मोह होतो. परंतु चार तास ३ मिलिमीटर पत्र्याचे काम केल्यास सुमारे ४.३ किलो कार्बाइड व ६५ लिटर पाणी, म्हणजे साधारण चार-पाच बादल्या लागतात. एवढ्या पाण्याची बचत करून पत्करलेला धोका कोणत्याही हिशेबात बसत नाही. गाळ स्थिरावल्यानंतर वरची निवळी थंड करून पुन्हा वापरता येते. गरम पाणी मात्र वापरू नये.

उरलेल्या चुन्याचाही विचार आवश्यक आहे. वरील कामातून सुमारे ५ किलो कोरड्या चुन्याइतका गाळ निघतो. तो तीव्र अल्कधर्मी असल्याने नाला, विहीर किंवा जलाशयाच्या काठी टाकणे अयोग्य आहे. येथील काळ्या जमिनी मुळातच चुनखडीयुक्त असल्याने शेतात टाकूनही लाभ नाही. उघड्या खड्ड्यात, ज्योतीपासून दूर, पूर्ण विरेपर्यंत ठेवून तो भिंतींना सफेदी देण्यासाठी वापरणे हा व्यवहार्य मार्ग होय.

कायदा व पर्याय :

कार्बाइडची साठवण व विक्री पेट्रोलियम अधिनियम, १९३४ अंतर्गत केलेल्या कॅल्शियम कार्बाइड नियम, १९८७ नुसार नियंत्रित होते. अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. फळे पिकविण्यासाठी कार्बाइडचा वापर अन्नसुरक्षाविषयक २०११ च्या विनियमांनी निषिद्ध ठरविला आहे. तरीही हा पदार्थ अजाण हातांत पोहोचतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिवाळीच्या काळात भोपाळ व मध्य प्रदेशातील इतर ठिकाणी कार्बाइडच्या बंदुकांमुळे अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्या. नळीत कार्बाइड व पाणी घालून ठिणगी देणे हे त्या बंदुकीचे तत्त्व होय. म्हणजेच जनित्रात जे टाळावयाचे, तेच तेथे खेळ म्हणून केले जाते.

सुरक्षिततेचा विचार करता मरून रंगाचा, विरघळविलेल्या ॲसिटिलीनचा सिलिंडर हा जनित्रापेक्षा श्रेष्ठ पर्याय आहे. ज्या दुकानास त्याचा नियमित पुरवठा मिळू शकतो त्याने जनित्राचा आग्रह धरू नये. पत्र्याच्या पिंपापासून घरगुती जनित्र बनविणे तर सर्वथा वर्ज्य होय. जेथे जनित्र वापरात आहे तेथे ते मान्यताप्राप्त बनावटीचे असावे आणि दुरुस्तीपूर्वी त्यातील वायू व गाळ पूर्णपणे काढून ते पाण्याने भरून घ्यावे.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, ॲसिटिलीन जनित्राची रचना मूलतः तीन प्रश्नांभोवती फिरते : उष्णता कोठे जाईल, दाब किती राहील आणि उलट आलेला वायू कोण अडवील. पहिल्याचे उत्तर भरपूर पाणी, दुसऱ्याचे हलकी तरंगती टाकी आणि तिसऱ्याचे पाण्याचा अडसर असे आहे. तिन्ही उत्तरे पाण्यावर अवलंबून असल्याने टंचाईग्रस्त प्रदेशात त्यांची जाणीव अधिक सजगपणे ठेवावी लागते.

या संदर्भात महाविद्यालयांची भूमिका महत्त्वाची आहे. कॅल्शियम कार्बाइडची अभिक्रिया अभ्यासक्रमात एका समीकरणापुरती शिकविली जाते. तीतील ४८० किलोकॅलरींचा उल्लेख क्वचितच होतो. रसायनशास्त्राच्या अध्यापकांनी हे गणित वर्गात मांडावे आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून परिसरातील वेल्डिंग कारागिरांशी त्याविषयी संवाद साधावा. अडसरातील पाण्याची पातळी रोज पाहण्याची सवय एका जरी दुकानात रुजली, तरी त्या अध्यापनाचे सार्थक होईल.