डोमेन नांवाची नोंदणी : पेढीचा दर व तिची सेवा

आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, कोल्हापूरचा गूळ, सांगलीचा बेदाणा, कोंकणचा हापूस यांसारखा माल अडत्याच्या हातीं न देतां थेट गिऱ्हाइकास विकण्याचा प्रयत्न अलीकडे पुष्कळ बागाइतदार व उत्पादक संघ करूं लागले आहेत. असा व्यापार करावयाचा म्हणजे पेटीवर छापावयास व पावतीवर घालावयास एक कायमचा पत्ता लागतो. इंटरनेटवरील अशा पत्त्यास डोमेन नांव म्हणतात. हें नांव नोंदवून देण्याचा धंदा करणाऱ्या पेढ्या पुष्कळ आहेत, व त्यांचे दर एकमेकांशीं मुळींच जुळत नाहींत. एकीची जाहिरात शंभर-दोनशें रुपयांची, तर दुसरीची हजाराच्या घरांतली. तेव्हां स्वस्त कोणती व चांगली कोणती हें कसें ठरवावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

नोंदणीची व्यवस्था

प्रथम ही वस्तु काय आहे हें नीट समजून घेतलें पाहिजे. इंटरनेटशीं जोडलेल्या संगणकांस आंकड्यांचे क्रमांक असतात. ते माणसाच्या ध्यानांत राहात नाहींत. नांवें व क्रमांक यांचा मेळ घालण्याची आजची पद्धत पॉल मॉकापेट्रिस यांनीं १९८३ सालीं आंखून दिली, आणि डॉट कॉम या वर्गांतील पहिलें नांव १५ मार्च १९८५ रोजीं नोंदलें गेलें.

या व्यवस्थेच्या तीन पायऱ्या आहेत. सर्वांत वर आयकॅन ही १९९८ सालीं अमेरिकेंत स्थापन झालेली, नफा न घेणारी संस्था असून ती सर्वसाधारण नियम ठरविते. दुसऱ्या पायरीवर प्रत्येक वर्गाची मूळ नोंदवही संभाळणारी संस्था असते; डॉट कॉमची वही व्हेरिसाइन या कंपनीकडे, तर आपल्या देशाच्या डॉट इनची व देवनागरी डॉट भारतची वही २००३ सालीं स्थापन झालेल्या निक्सी या संस्थेकडे आहे. तिसऱ्या पायरीवर रजिस्ट्रार, म्हणजे गिऱ्हाइकाकडून अर्ज व पैसे घेऊन मूळ वहींत नोंद करविणारी पेढी. आपला संबंध येतो तो बहुधा या शेवटच्या पायरीशीं. परंतु नांव पेढीच्या घरचें नव्हे, तें मूळ वहींतलें आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व विवेचन तिच्यावर आधारलेलें आहे.

दुसरी गोष्ट अशी कीं, डोमेन नांव कायमचें विकत मिळत नाहीं. तें मुदतीनें मिळतें. मुदत कमींत कमी एक वर्षाची व एका वेळीं जास्तींत जास्त दहा वर्षांची असते. खंडानें केलेल्या जमिनीप्रमाणें मुदत संपण्यापूर्वीं रक्कम भरली तर वहिवाट चालू राहते. न भरल्यास जमीन दुसऱ्याकडे जाते. म्हणून दराची तुलना करणें ती एका सालाची करून भागत नाहीं.

दराचा हिशेब

१९९५ सालापासून नेटवर्क सोल्यूशन्स ही एकच कंपनी डॉट कॉम नांवाच्या नोंदणीबद्दल दोन वर्षांस १०० डॉलर घेत असे. १९९९ सालीं इतर पेढ्यांस हा धंदा करण्याची मुभा मिळाली व चढाओढीनें दर उतरले. तथापि ही चढाओढ किरकोळ विक्रीपुरतीच आहे. मूळ वहीचा ठोक दर सर्व पेढ्यांस सारखाच द्यावा लागतो. व्हेरिसाइननें डॉट कॉमचा हा दर १ सप्टेंबर २०२४ पासून सालीना १०.२६ डॉलर केला; शिवाय आयकॅनची अल्पशी पट्टी असते, ती जुलै २०२५ पासून २० सेंट झाली. सबब जी पेढी याहून पुष्कळ कमी रकमेंत पहिलें वर्ष देऊं करते, ती तेवढा तोटा स्वतः सोशीत असते, आणि तो पुढील वर्षांत भरून काढण्याचा तिचा हिशेब असतो. यांत लबाडी आहे असें नाहीं. नूतनीकरणाचा दर बहुधा बारीक अक्षरांत छापलेला असतो. मात्र तो वाचणें हें गिऱ्हाइकाचें काम आहे.

उदाहरणार्थ दोन पेढ्या घेऊं. आंकडे केवळ समजुतीसाठीं कल्पिलेले आहेत.

पहिली पेढी : पहिल्या वर्षीं रु. १९९, पुढें दरवर्षीं रु. १,४९९.
दुसरी पेढी : प्रत्येक वर्षीं रु. १,०९९.

पांच वर्षांचा हिशेब केला असतां पहिलीस रु. ६,१९५ व दुसरीस रु. ५,४९५ पडतात. दहा वर्षांत पहिलीस रु. १३,६९० व दुसरीस रु. १०,९९० होतात. म्हणजे पहिल्या वर्षीं नऊशें रुपयांनीं स्वस्त दिसणारी पेढी दहा वर्षांत सत्तावीसशें रुपयांनीं महाग पडते. या रकमांवर १८ टक्के वस्तु व सेवा कर वेगळा धरावा. पुष्कळ जाहिरातींत तो मिळविलेला नसतो.

दरपत्रक पाहतांना आणखी चार बाबींची चौकशी करावी. नोंदींतील आपला पत्ता व दूरध्वनि क्रमांक लोकांच्या नजरेआड ठेवण्याची सोय जेथें आहे तेथें ती फुकट आहे कीं तिचे पैसे पडतात? नांव दुसऱ्या पेढीकडे हलविण्यास काय द्यावें लागतें? मुदत चुकल्यास नांव परत मिळविण्याचा दंड किती? आणि पैसे भरतांना ज्या इतर वस्तु आपोआप यादींत घातल्या जातात, त्या खरोखर हव्या आहेत काय? संकेतस्थळ ठेवण्याच्या जागेबरोबर नांव एक वर्ष फुकट, ही योजना अनेक पेढ्या देतात. जागेचें भाडें व नांवाचा खंड या दोन वेगळ्या बाबी आहेत. त्यांचा हिशेब वेगळा मांडावा, व शक्य तर व्यवहारही वेगळे ठेवावे.

नोंद कोणाच्या नांवें?

दरांतील फरक शेंकड्यांचा असतो. सेवेंतील उणीव मात्र नांवच घालविते. म्हणून यापुढील गोष्टींस अधिक महत्त्व आहे.

पुष्कळ ठिकाणीं असें घडतें कीं, संकेतस्थळ तयार करून देणारा कारागीर सोयीसाठीं नांवाची नोंद स्वतःच्या खात्यावर करतो. काम सुरळीत असतें तोंपर्यंत कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. पुढें त्याचें व संघाचें बिनसलें, तो गांव सोडून गेला किंवा धंदा बंद झाला, म्हणजे नांव आपलें कीं त्याचें हा वाद उभा राहतो, आणि दप्तरांत तर नोंद त्याची असते. सातबाऱ्यावर ज्याचें नांव नाहीं त्यानें जमीन कितीही वर्षें कसली असली तरी त्यास कचेरींत काय उत्तर मिळतें, हें शेतकऱ्यांस सांगावयास नको. सबब खातें स्वतः उघडावें, धारक म्हणून स्वतःचें किंवा संघाचें नांव घालावें, व कारागिरास लागेल तेवढीच मुभा द्यावी.

खात्यास जो ई-मेल पत्ता द्यावयाचा तो त्याच डोमेन नांवावरचा नसावा. नांवाची मुदत संपली कीं तो पत्ताही बंद पडतो, व सूचना जेथें यावयाच्या तेथेंच पोंचत नाहींत. संघाच्या बाबतींत मोबाइल क्रमांक एकाद्या कारकुनाचा न देतां कचेरीचा द्यावा, व पदाधिकारी बदलले कीं खात्याचा ताबा रीतसर लिहून द्यावा. डॉट कॉमसारख्या वर्गांत नोंदणीनंतर पत्ता खरा आहे अशी खात्री करून घेण्यासाठीं पेढी संदेश पाठविते. त्यास १५ दिवसांत उत्तर न दिल्यास नांव स्थगित होऊं शकतें.

मुदत चुकली असतां

आयकॅनच्या नियमाप्रमाणें डॉट कॉमसारख्या वर्गांतील नांवांविषयीं पेढीनें मुदतीपूर्वीं सुमारें एक महिना व सुमारें एक आठवडा अशा दोन, आणि मुदत गेल्यावर पांच दिवसांच्या आंत एक, अशा सूचना पाठविल्या पाहिजेत. मुदतीनंतर फार तर ४५ दिवसांची सवलत असते, पण तींतील किती दिवस द्यावयाचे हें पेढीच्या धोरणावर अवलंबून असतें. पेढीनें नांव काढून टाकल्यावर ३० दिवस तें मोठा दंड भरून सोडवितां येतें. त्यानंतर पांच दिवसांनीं तें कोणासही मोकळें होतें. कित्येक पेढ्या तर हीं नांवें त्यापूर्वींच लिलावास काढतात. डॉट इनच्या बाबतींत आपली पेढी किती सवलत देते हें तिच्याकडून आधींच लेखी विचारून घ्यावें.

अशा रीतीनें गेलेलें नांव विकत घेणारे लोक ते पुनः चढ्या भावानें विकतात, किंवा त्यावर भलताच मजकूर घालतात. पेटीवर छापलेला पत्ता मग परक्याच्या दुकानाकडे बोट दाखवूं लागतो. गिऱ्हाइकाच्या तोंडीं नांव बसावयास चार-पांच हंगाम लागतात. तें जाण्यास एक चुकलेली तारीख पुरते.

पेढी बदलण्याचा हक्क

पेढी पसंत न पडल्यास नांव दुसरीकडे नेण्याचा हक्क गिऱ्हाइकास आहे. नव्या नोंदणीनंतर साधारणतः ६० दिवस तें हलवितां येत नाहीं. त्यापुढें मागणी केली असतां डॉट कॉमसारख्या वर्गांत पेढीनें नांवाची गुप्त संकेतसंख्या पांच दिवसांत दिली पाहिजे. ती नव्या पेढीस दिली कीं बदली होते. डॉट कॉम नांवाची उरलेली मुदत बुडत नाहीं. उलट बदलीच्या रकमेंत एक वर्ष वाढून मिळतें. जी पेढी ही संख्या खात्यांतूनच सहज काढूं देते ती गिऱ्हाइकास बांधून ठेवूं इच्छीत नाहीं, असें समजावें. त्याचबरोबर आपल्या संमतीवांचून बदली होऊं नये म्हणून नांवास कुलूप घालण्याची, व खात्यांत शिरतांना मोबाइलवरील दुसरा अंक विचारण्याची सोय तिच्याकडे असली पाहिजे.

पेढीच बुडाली तर काय, असा प्रश्न साहजिक आहे. अमेरिकेंतील रजिस्टरफ्लाय या पेढीचा कारभार इतका बिघडला कीं आयकॅननें २००७ सालीं तिची मान्यता काढून घेतली व तिच्याकडील नांवें दुसऱ्या पेढीकडे सोंपविलीं. मधल्या काळांत पुष्कळ धारकांस फार त्रास झाला. तेव्हांपासून पेढ्यांनीं धारकांच्या नोंदींची प्रत तिऱ्हाइताकडे ठेव म्हणून ठेवण्याच्या नियमाची अंमलबजावणी कसोशीनें होऊं लागली. ही प्रत उपयोगी पडावयाची तर मूळ नोंद आपल्याच नांवें असली पाहिजे, हें येथेंही दिसून येईल.

पेढी मान्यताप्राप्त आहे किंवा नाहीं हें आयकॅन व निक्सी यांच्या संकेतस्थळांवरील याद्यांत पाहतां येतें. कित्येक लहान विक्रेते स्वतः रजिस्ट्रार नसून मोठ्या पेढीचे पोटविक्रेते असतात. त्यांच्याकडून घेण्यास हरकत नाहीं. मात्र मूळ पेढी कोणती हें विचारावें. तें सांगण्यास जो का-कूं करील, त्याच्याशीं व्यवहार करूं नये.

कोणता वर्ग घ्यावा

ज्यांचें गिऱ्हाईक देशांतच आहे त्यांस डॉट इन हा वर्ग पुरेसा आहे. २००५ सालापासून त्याची नोंदणी सर्वांस खुली झाली. ज्यांचा माल परदेशीं जातो त्यांनीं डॉट कॉमही घेऊन ठेवावें. देवनागरी डॉट भारत २०१४ सालच्या ऑगस्टपासून मिळूं लागलें, व त्यांत मराठी नांव मराठी अक्षरांतच घेतां येतें. पण ई-मेलच्या सर्वच व्यवस्था अद्याप देवनागरी पत्ते स्वीकारीत नाहींत. म्हणून तें एकटें न घेतां जोडीस घ्यावें.

निवडीची रीत

प्रथम तीन-चार मान्यताप्राप्त पेढ्या निवडाव्या. प्रत्येकीचा पांच वर्षांचा एकूण आंकडा करासह कागदावर मांडावा. नंतर पैसे भरण्यापूर्वींच प्रत्येकीस एक साधा प्रश्न लिहून किंवा दूरध्वनीनें विचारावा : मुदत चुकल्यास किती दिवस सवलत व किती दंड? किती वेळानें उत्तर येतें, तें माणसाचें असतें कीं ठराविक छापाचें, व आपल्यास समजणाऱ्या भाषेंत असतें किंवा कसें, यावरून अडचणीच्या वेळीं काय अनुभव येईल याची बरीच कल्पना येते. दोन पेढ्यांत सालाचा शंभर रुपयांचा फरक असून महाग पेढीचें उत्तर त्याच दिवशीं स्पष्ट आलें, तर तीच निवडावी.

नोंदणी झाल्यावर पावती व खात्याचा तपशील संघाच्या दप्तरांत ठेवावा, साधेल तर तीन ते पांच वर्षांची रक्कम एकदम भरावी, आणि मुदतीची तारीख पीककर्जाच्या हप्त्याच्या तारखेशेजारीं वहींत लिहून ठेवावी.